जुन्या माउंटन बाईकला मागचा शॉकअप शोधताना: आधी टेप, मग पैसे

आमच्याकडे सिंधुदुर्गात सायकलच्या दुकानात जाऊन "मागचा शॉकअप हवाय" म्हटलं की दोनच उत्तरं येतात. एक, "कुठल्या स्कूटरचा?" आणि दुसरं, "नवीन सायकल घ्या ना, कशाला त्या जुन्यात पैसे घालताय." माझी डबल शॉकअपची माउंटन बाईक २००६ च्या आसपासची, सेकंडहँड घेतलेली, मागे १०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक तेवढं वरखाली हलतं. फ्रेम अजून ठणठणीत आहे, पण मालवणचं खारं वारं, जांभ्याची लाल धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस यात मागचा एअर शॉक गेला. त्याच्या जागी दुसरा बसवेपर्यंत मला दोन महिने लागले, त्यातला निम्मा वेळ माझ्याच चुकीने गेला. ती चूक तुमची होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय, जरा लांब होईल.

आधी एक गोष्ट बघून घ्या, शॉक खरंच गेलाय का? कारण "मागून टकटक येतंय, शॉकअप गेला" असं म्हणून जितके शॉक बदलले जातात त्यातल्या बऱ्याच वेळा शॉकच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या भोकातला, बुश गेलेला असतो, नाहीतर फ्रेमच्या सांध्यातली बेअरिंग. टेस्ट सोपी आहे. सायकल जमिनीवर उभी करायची, सीट पकडून हळूच वर उचलायची, चाक जमिनीवरून सुटायच्या आधी "टक" असा बारीक ढिलेपणा जाणवतो का ते बघायचं. जाणवला तर दुसऱ्या माणसाला शॉकच्या बोल्टवर बोट ठेवायला सांगायचं, एकदा वरच्या, एकदा खालच्या, मग एकेका सांध्यावर. जिथे बोटाखाली हलल्यासारखं वाटतं तिथे रोग. बुश असेल तर काम थोडक्यात होतं. बेअरिंग असेल तर जुनी काढून तिच्या रबर सीलवर कोरलेला नंबर वाचायचा, ६०८, ६००१, ६९०२ असं काहीतरी असतं, आणि तो नंबर घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जायचं, ते लोक सायकल की मिक्सर हे विचारतही नाहीत. उदाहरणार्थ ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि जाडी ७ मिमी, ही मापं जगभर तीच. घेताना दोन्ही बाजूंनी रबर सीलवाली मागा, नंबरपुढे "टू आरएस" लिहिलेलं असतं, पत्र्याच्या झाकणाची बेअरिंग आपल्या पावसात टिकत नाही.

शॉक खरोखर गेलाय हे कसं ओळखायचं? दांड्यावर तेल येतंय, दाबल्यावर आतून पचपच आवाज येतो, रिबाउंडचा, म्हणजे शॉक परत वर यायचा वेग ठरवणारा, नॉब कुठेही फिरवला तरी सायकल घोड्यासारखी उसळते, म्हणजे डॅम्पर, शॉकची हालचाल तेलाने संथ करणारा आतला भाग, गेला. हवा भरली आणि सकाळपर्यंत बसली तर ते एअर कॅनचं, म्हणजे हवा धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या नळकांड्याचं, सील असतं, आणि ते बदलता येतं, किट मिळाली तर नवीन शॉकचा खर्च वाचतो. इथे एक गंमत सांगतो, पंप लावून प्रेशर बघितलं की काटा कालच्यापेक्षा खाली दिसतो आणि माणूस घाबरतो, पण ती हवा पंपाच्या नळीत गेलेली असते. लीक आहे की नाही हे काट्यावरून ठरवू नका, रात्री आणि सकाळी सीटवर बसून शॉक किती दबतो ते मोजा.

आणि एक धोक्याची गोष्ट, ही गमतीत घेऊ नका. एअर शॉक दबलेल्या अवस्थेत अडकला असेल, हवा सोडली तरी वर येत नसेल, तर त्याचा कॅन घरी खोलायचा नाही. आतल्या सीलमधून हवा उलट्या बाजूच्या कप्प्यात जाऊन कोंडलेली असते, आटे सुटले की कॅन बंदुकीसारखा उडतो. तसंच बऱ्याच शॉकमध्ये डॅम्परच्या मागे नायट्रोजन भरलेला असतो, शेकडो पीएसआयने. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

बरं, शॉक गेलाय हे नक्की झालं. आता मोजमाप. सगळा खेळ इथेच आहे.

पहिलं माप डोळा ते डोळा. म्हणजे वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, शॉक पूर्ण उघडा असताना. मध्य डोळ्याने धरता येत नाही, त्यामुळे दोन्ही बोल्ट एकाच जाडीचे असतील तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येतं. आणि "पूर्ण उघडा" हे दोन शब्द परत वाचा. माझ्या शॉकमधली हवा गेलेली, सायकल भिंतीला टेकून उभी, मी तशीच टेप लावली आणि १४८ आलं. मनात म्हटलं १५० चा असणार, स्वस्तातल्या शॉकमध्ये १५० हे माप मिळतंही. मागवला, बसवला, बोल्टही बरोबर बसले, आणि पहिल्याच फेरीत चिऱ्याच्या खाणीकडच्या वाटेवर पेडल दगडावर आपटून मी आडवा. शॉक खरा १६५ चा होता. पंधरा मिमीचा फरक ऐकायला काहीच नाही, पण माझ्या फ्रेममध्ये शॉक १ मिमी हलला की चाक २.६ मिमी हलतं, म्हणजे सायकल मागून जवळजवळ ४ सेंटीमीटर खाली बसली होती. तो १५० चा शॉक अजून पडवीत पडून आहे.

तर शॉक काढून, हवा भरून किंवा हाताने ओढून पूर्ण उघडा करून मोजा. अजिबात उघडत नसेल तर जुन्या सायकलचं मॉडेल आणि साल शोधून कंपनीने दिलेलं माप बघा, मोठ्या ब्रँडच्या जुन्या मॉडेलांची मापं नेटवर मिळतात.

दुसरं माप स्ट्रोक, म्हणजे शॉक पूर्ण उघड्यापासून पूर्ण दाबेपर्यंत किती आत जातो ते. एअर शॉक असेल तर सगळी हवा सोडायची, दांड्यावरची रबरी रिंग सीलला टेकवायची, शॉक पूर्ण दाबायचा, सोडायचा, रिंग कुठे गेली ते मोजायचं. स्प्रिंगवाल्यात स्प्रिंग काढून दिसणारा दांडा मोजा, पण तळाला जो रबराचा बंपर असतो तो दबून पूर्ण सपाट होत नाही, त्याची जाडी लक्षात घ्या. दोन-तीन मिमी इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही, कारण मापं ठरलेली असतात आणि आपण जवळचं ओळखू शकतो.

जुन्या सायकलींची मापं इंचात ठरलेली आहेत. साडेसहा बाय दीड इंच म्हणजे १६५ बाय ३८ मिमी. सव्वासात बाय पावणेदोन म्हणजे १८४ बाय ४४. साडेसात बाय दोन म्हणजे १९० बाय ५१, ५० पण लिहितात. मग २०० बाय ५१ आणि २०० बाय ५७ हे फार कॉमन, पुढे २१६ बाय ६३, २२२ बाय ७०, आणि डाउनहिलवाल्यांचा २४१ बाय ७६. तुमचं माप यातल्या एखाद्याच्या एक-दोन मिमी जवळ आलं तर खुश व्हा, शॉक सापडणार.

२०१६ पासून मात्र नवीन मेट्रिक मापं आली, १९० बाय ४५, २१० बाय ५५, २३० बाय ६५, २५० बाय ७५ अशी. आता दुकानात आणि ऑनलाइन जास्त तीच दिसतात आणि लोक फसतात ते १९० ला. डोळा ते डोळा जुनंही १९०, नवीनही १९०, पण स्ट्रोक जुन्याचा ५१ आणि नव्याचा ४० किंवा ४५. नवीन बसेल, चालेलही, पण चाकाचा ट्रॅव्हल कमी होईल. उलट चूक जास्त वाईट, म्हणजे फ्रेमला हवा त्यापेक्षा जास्त स्ट्रोकचा शॉक. तो पूर्ण दबला की मागचा टायर सीट ट्यूबला, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीला, घासतो, नाहीतर लिंक, म्हणजे मागचा भाग शॉकला जोडणारा हलता तुकडा, फ्रेमवर आपटते, आणि जुन्या अॅल्युमिनियमला असे धक्के सहन होत नाहीत. तिसरा प्रकार ट्रनियन, त्याला एका टोकाला डोळाच नसतो, दोन्ही बाजूंनी बोल्ट सरळ शॉकच्या अंगात जातात. किंमत बघून मोहात पडू नका, जुन्या फ्रेमला तो बसत नाही.

डोळा ते डोळा मापात तडजोड किती? माझं मत, दोन-तीन मिमी. तीन मिमी लांब घेतला तर माझ्या सायकलवर मागचा भाग आठेक मिमी वर येतो, हँडल जरासं चपळ वाटतं, चालून जातं. त्यापुढे गेलात की बघा, सायकलची सगळी भूमिती बिघडते. आणि लांब शॉक घातल्यावर लिंक मागच्या बाजूला कुठे अडकत नाही ना हे हाताने फिरवून बघायचं.

तिसरं आणि चौथं माप बोल्टचं. म्हणजे बोल्टची जाडी, सहसा ६, ८ किंवा १० मिमी, आणि फ्रेमच्या दोन कानांमधली रुंदी, उदाहरणार्थ २२.२ मिमी. ही दोन मापं वर आणि खाली वेगळी असू शकतात, माझ्याकडे वर २२ आणि खाली ३०, त्यामुळे दोन्हीकडे मोजा. टेपने नाही हं, व्हर्नियरने. व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडे जा, नाहीतरी पुढे त्याच्याकडे जायचंच आहे.

ही मापं एका कागदावर लिहा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि मगच दुकानाची पायरी चढा. आणखी एक गोष्ट त्याच कागदावर, शॉकच्या आजूबाजूला जागा किती आहे. काही शॉकना बाजूला वेगळी टाकी असते, काहींचा एअर कॅन जाडा असतो, आणि जुन्या फ्रेममध्ये शॉक इतका कोंडून बसवलेला असतो की जाडा कॅन ट्यूबला घासतो. पुठ्ठ्याची नळी गुंडाळून त्या जाड्याची डमी करा आणि फ्रेममध्ये धरून बघा. हसू येतं पण उपयोगी पडतं.

इथेच काही सायकलींसाठी वाईट बातमी पण देऊन टाकतो. काही जुन्या मॉडेलांत शॉक त्या कंपनीने स्वतःच्या फ्रेमपुरताच बनवून घेतलेला असतो. स्पेशलाइज्डच्या बऱ्याच मॉडेलांत एका टोकाला डोळ्याऐवजी वेगळाच जोड आहे, ट्रेकच्या काही मॉडेलांत डीआरसीव्ही नावाचा दोन कप्प्यांचा एअर शॉक होता, स्कॉट जीनियस आणि कॅननडेलच्या काही मॉडेलांत तर शॉक दबत नाही, ओढला जातो. यातलं काही तुमच्याकडे असेल तर वरची मापं घेऊन दुसरा शॉक शोधण्यात वेळ घालवू नका, त्याच शॉकची सर्व्हिस करून घ्यायची वाट धरा. जायंटची जुनी एनआरएस असेल तर आणखी वेगळं, ती फ्रेम सॅग, म्हणजे सीटवर बसल्यावर शॉक जितका दबतो तो, शून्य ठेवून चालवायची अशीच डिझाईन केलेली होती, तिला इतरांसारखा मऊ सेट केला तर पेडल मारताना विचित्र वागते.

आता शॉक कुठे मिळेल. कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीत नवा चांगला एअर शॉक तयार मिळेल ही आशा सोडा. स्वस्तातला स्प्रिंगचा शॉक मिळू शकतो, दुकानदाराच्या मागच्या खोलीत एखादा लटकत असतो. बाकी गोवा, कोल्हापूर, पुणे, मुंबई इथल्या माउंटन बाईकवाल्या दुकानांना फोन करा, मापं वाचून दाखवा, फोटो पाठवा. "अमुक मॉडेलचा शॉक आहे का" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, पण "१६५ बाय ३८, बोल्ट ८, रुंदी २२ आणि ३०" असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीतून उठून शोधायला जातो, हा माझा अनुभव. डीएनएम, केएस असे ब्रँड जुन्या मापांत अजून मिळतात. ऑनलाइन घेताना रिटर्न आहे का ते बघा आणि परदेशातून मागवत असाल तर कस्टम आणि कुरियर धरूनच किंमत समजा.

सेकंडहँडचा पर्याय मला सगळ्यात आवडतो, कारण लोक चांगल्या सायकलवरचा शॉक अपग्रेड करतात आणि जुना कपाटात पडून असतो. पण फोटो मागताना तीन मागा. डोळा ते डोळा पट्टी लावून एक. दांड्याचा जवळून एक, तिरप्या उजेडात, म्हणजे ओरखडे दिसतात. आणि शॉकवर छापलेला कोड किंवा स्टिकर. हातात आला की दांड्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर सील त्याच जागी खाल्लं जाणार, तो शॉक घेऊ नका कितीही स्वस्त असला तरी. शेवटची सर्व्हिस कधी झाली हे विचारा. शॉक बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या मागच्या शॉकना एअर कॅनची सर्व्हिस चालवण्याच्या ५० तासांनी आणि डॅम्परची २०० तासांनी करायला सांगते, फॉक्स १२५ तास किंवा वर्ष, यातलं जे आधी येईल ते. आपल्याकडे बहुतेक विकणाऱ्यांचं उत्तर "कशाला, मस्त चाललाय" असतं, म्हणजे सर्व्हिस झालेली नाही असं समजून त्या खर्चाएवढी किंमत कमी करायची.

एअर की स्प्रिंग? स्प्रिंगवाला मजबूत, घाटाखाली कोणी दुरुस्तही करू शकतो, पण स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळलीच पाहिजे, आणि समुद्राकाठी ती गंजते, रंग उडाला की पहिल्या पावसात तांबूस. एअर शॉक कुठल्याही वजनाला पंपाने सेट होतो, हलका, पण सीलची निगा ठेवावी लागते आणि शॉकचा वेगळा पंप घ्यावा लागतो, टायरचा पंप चालत नाही, इथे ३०० पीएसआयपर्यंतचं काम असतं. मी एअर घेतला. माझ्या शेजारच्या मुलाने त्याच्या सायकलला स्प्रिंगचा घेतला आणि तो बिचारा अजून दगडावर बसल्यासारखा चालवतो, कारण स्प्रिंगचा हिशोब केला नव्हता.

हिशोब हा असा. चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक, १०० भागिले ३८, म्हणजे २.६. याला लिव्हरेज म्हणतात. माझं वजन ७० किलो म्हणजे १५४ पाउंड, त्यातलं अंदाजे ६५ टक्के मागे पडतं, म्हणजे १०० पाउंड. त्याला २.६ ने गुणा, शॉकवर २६० पाउंड. आता सीटवर बसल्यावर शॉक ३० टक्क्यांच्या आसपास दबायला हवा, ३८ चे ३० टक्के ११ मिमी, म्हणजे ०.४३ इंच. २६० ला ०.४३ ने भागा, ६०० च्या जवळ उत्तर येतं. म्हणजे मला ६०० पाउंड प्रति इंच स्प्रिंग हवी, ५५० किंवा ६५० पण चालेल. हाच हिशोब ५५ किलोच्या माणसाचा केला तर ४७५ च्या आसपास येतो, आणि स्वस्तातल्या छोट्या शॉकना बऱ्याचदा ७५० ची स्प्रिंग असते! शेजारच्या मुलाचं दुखणं तेच. आकडा स्प्रिंगवरच छापलेला असतो, ७५० एलबीएस असा, किंवा चांगल्या स्प्रिंगवर ५५० × २.८, म्हणजे दर आणि ती किती इंच दबू शकते ते. स्प्रिंगवरची रिंग पिळून कडक-मऊ करता येतं असं सांगतात ते अर्धसत्य आहे, त्याने सुरुवातीचा ताण बदलतो, स्प्रिंग तीच राहते.

आणि स्कूटरचा शॉक? मला तीन जणांनी सुचवला. तो लांबीला बसत नाही, गाडीच्या वजनाला बनवलेला असतो, आणि सायकलच्या मानाने नुसता लोखंडाचा गोळा. विषय संपला.

आता लेथवाला. नवीन शॉक आला तरी त्याचे बोल्टचे बुश तुमच्या फ्रेमच्या रुंदीचे असतीलच असं नाही. बहुतेक चांगल्या शॉकच्या डोळ्यात एक पातळ बुश असतो, त्याला डीयू बुश म्हणतात, आतलं भोक १२.७ मिमी. त्यात जी नळी बसते, जिच्यातून फ्रेमचा बोल्ट जातो, तिला रिड्यूसर म्हणतात. ती विकत मिळते पण हव्या रुंदीची मिळेपर्यंत पावसाळा येतो. मी बंदराजवळच्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो, ते ट्रॉलरचे शाफ्ट, बुश, पंपाचे भाग करतात. शॉक हातात घेऊन त्यांनी उलटसुलट फिरवला.

"ह्यो खंयच्या गाडीचो?"

"सायकलचो, काका."

"सायकलीक शॉकप? मगे चाकात हवा कित्याक घालतास?"

मग चष्मा कपाळावरून खाली आणला, व्हर्नियर लावला, आणि त्यानंतर एकही चेष्टा केली नाही. फ्रेमचे कान मोजले, डोळा मोजला, पिठाच्या पिशवीच्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढलं. पितळेची करून देतंय म्हणाले, मी एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, मागितलं, कारण शाफ्टचे एसएसचे तुकडे त्यांच्याकडे कोपऱ्यात पडलेले दिसत होते आणि डीयू बुशवर स्टील चांगलं सरकतं. "फाल्या ये." दुसऱ्या दिवशी चार नळ्या आणि चार वॉशर तयार, गुळगुळीत, कडांची धार काढलेली. त्यांनी स्वतःच एक गोष्ट दाखवली जी मला माहीत नव्हती. नळी अंगठ्याने जोर लावून आत गेली पाहिजे. आपोआप घसरली तर दोन महिन्यांत टकटक सुरू, आणि हातोडी लागली तर बोल्ट घट्ट केल्यावर शॉक वळणारच नाही. एक नळी त्यांना जरा जाड वाटली, परत लेथला लावून पॉलिश पेपर फिरवला, तीनदा घालून बघितली, मग दिली.

एसएस आणि फ्रेमचं अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत एकमेकांना लागले की मध्ये पांढरी भुकटी जमते आणि बोल्ट कायमचा चिकटतो, म्हणून जिथे धातूला धातू लागतो तिथे सगळीकडे भरपूर ग्रीस. माझा जुना खालचा बोल्ट काढायला दोन दिवस तेल सोडून ठेवावं लागलं होतं.

बसवायच्या आधी, शॉक काढलेलाच आहे तर फ्रेमची तपासणी करून घ्या, परत ही संधी येणार नाही. शॉकच्या कानांच्या वेल्डिंगजवळ आणि सांध्यांभोवती ओल्या फडक्याने पुसून टॉर्च मारून बघा, केसाएवढी रेघ दिसली आणि नखाला लागली तर शॉकवर पैसे घालू नका, ती फ्रेम संपली. मग मागचा भाग हाताने वरखाली फिरवा, शॉक नसताना तो लोण्यासारखा हलला पाहिजे. कुठे खरखर वाटली तर बेअरिंग आत्ताच बदला. आता नवीन शॉक हवा न भरता, स्प्रिंगवाला असेल तर स्प्रिंग काढून, बोल्टवर चढवा आणि पूर्ण दाबून बघा. टायर सीट ट्यूबला लागतोय का, केबल ताणली जातेय का, कॅन कुठे घासतोय का. हे पाच मिनिटांचं काम न करता लोक सरळ हवा भरतात आणि मग पहिल्या खड्ड्यात कळतं.

सगळं मोकळं हललं की बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस, आट्यांना मात्र निळं लॉकटाईट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव, आणि घट्ट करताना स्वतःच्या ताकदीचं प्रदर्शन नको, शॉकबरोबर किंवा फ्रेमवर आकडा दिलेला असतो तेवढंच.

हवा भरायची पद्धत अशी. आधी १०० पीएसआयपर्यंत भरा, पंप काढा, सीटवर दाब देऊन दहाएक वेळा सावकाश दाबा-सोडा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. मग परत पंप लावा. सुरुवातीला पाउंडातलं वजन तेवढेच पीएसआय, म्हणजे मला १५४, पण शॉकवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. मग नेहमीचे कपडे, पाण्याची बाटली, पाठीवरची बॅग, सगळं घालून सीटवर बसा, भिंतीला हात टेकवा, कोणालातरी रबरी रिंग सीलला टेकवायला सांगा, न उडता हळूच उतरा. रिंग किती सरकली? ३८ च्या स्ट्रोकवर साडेनऊ ते अकरा मिमी हवी, पंचवीस ते तीस टक्के. रस्त्यावरच जास्त चालवत असाल तर वीस टक्के पण पुरे. कमी दबला तर हवा काढा, जास्त दबला तर भरा, दर वेळी पाचदहा पीएसआय.

रिबाउंडसाठी नॉब पूर्ण एका टोकाला नेऊन क्लिक मोजा, मधोमध ठेवा, मग एखाद्या पायरीएवढ्या उंचीवरून बसूनच खाली उतरा. सायकल खाली जाऊन वर आली आणि थांबली तर बरोबर. दोन-तीनदा डुलली तर हळू करा. वर यायला आळस करत असेल तर जरा जलद. आमच्याकडे सड्यावर जांभ्याच्या खड्ड्यांची रांग असते, एकामागोमाग एक, तिथे रिबाउंड फार हळू ठेवला तर शॉक वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि तो हळूहळू खालीच बसत जातो, म्हणून मी शहरातल्या माणसापेक्षा एक क्लिक जलद ठेवतो. आंबोली घाट उतरताना डांबरावर मात्र परत एक क्लिक हळू करतो, तिथे उसळणं नको असतं.

पैसे जमेपर्यंत काय? काही लोक शॉकच्या जागी त्याच मापाचा अॅल्युमिनियमचा दांडा लावून चालवतात, लेथवाला तासाभरात करून देतो. बाजारात, शाळेत जायला ठीक. ट्रेलवर नको, शॉक जो धक्का खाणार होता तो आता तुमची जुनी वेल्डिंग खाणार.

निगा काही फार नाही पण आपल्या हवेत ती टाळून चालत नाही. किनाऱ्यावरून किंवा भिजून आलात की गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर पाइप सीलवर मारू नका, सुक्या फडक्याने दांडा पुसा आणि सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून एक हात फिरवा. रॉकेल, डिझेल, खोबरेल यातलं काहीही सीलला लावायचं नाही, खोबरेल लावून बघितलेला माणूस मी स्वतः पाहिलाय, त्यावर लाल धूळ चिकटून पॉलिश पेपरच तयार झाला होता. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट परत तपासा, नवीन बुश थोडे बसतात आणि बोल्ट ढिले होतात. पावसाळा संपला की बोल्ट काढून जुनं ग्रीस पुसून नवीन भरा.

आणि जुना शॉक. त्याचे रिड्यूसर, वॉशर, बोल्ट काढून डब्यात ठेवा, कधीतरी लागतात. बाकीचा भाग भंगारात देताना आत नायट्रोजन आहे हे विसरू नका, भंगारवाला तो घण मारून किंवा गॅस कटरने फोडायला जाईल. ज्या दुकानातून मी सेकंडहँड शॉक घेतला त्यांनाच माझा गेलेला शॉक पार्सलने पाठवला, त्यांनी गॅस सोडून घेतला आणि वरून कॅन सुट्ट्या भागांसाठी ठेवूनही घेतला.